तीच गाडी, नवी टाकी

जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी आतून गंजली की मालकापुढे दोन वाटा असतात. टाकी उतरवून धुवायची, भोके बुजवायची, आतून लेप द्यायचा आणि तीच पुन्हा बसवायची. नाहीतर ती भंगारात देऊन नवी घालायची. गॅरेजमध्ये हा प्रश्न खर्चाचा आणि वेळेचा म्हणून सुटतो. पण ज्याने ती गाडी वाडवडिलांची आठवण म्हणून सांभाळली आहे, तो या जागी अडतो. आज टाकी गेली, उद्या रेडिएटर जाईल, परवा दरवाजे जातील. मग दारात उभी राहील ती आपलीच गाडी असेल का, अशी भीती त्याला वाटते. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. झिजत जाणाऱ्या वस्तूशी, मग ती गाडी असो, देऊळ असो की मूर्ती, माणसाने कसे वागावे हा फार जुना धार्मिक प्रश्न तिच्यात आहे.

जालना जिल्ह्यात या प्रश्नाची दोन्ही टोके अगदी जवळजवळ सापडतात. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते तिथे जन्मले. तिथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या प्राचीन मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली, आणि त्याच वर्षी पोलिसांनी त्या शोधून काढल्या तेव्हा गावाने त्यांचे स्वागत केले. नव्या मूर्ती घडवून घ्या, असे म्हणून कुणाचे समाधान होणार नव्हते. याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत, ठिकठिकाणचे भंगार लोखंड येऊन पडते. ते इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून घरबांधणीच्या सळ्या बाहेर पडतात. त्या भंगारात जुन्या गाड्यांचा पत्रा असतो, गंजलेल्या टाक्याही असतात. एका जागी मूळ धातूचा कणही बदललेला चालत नाही, दुसऱ्या जागी जुना धातू वितळवण्यावर हजारो घरांची चूल पेटते. माझे म्हणणे असे की या दोन वृत्तींत विरोध नाही. कोणत्या भागाशी कसे वागायचे हे त्या भागाच्या कामावरून ठरते, आणि गाडी ‘तीच’ राहते की नाही हे तिच्यात मूळ धातू किती उरला यावर ठरत नाही. आपण तिच्याबाबतची जबाबदारी किती खरेपणाने निभावली यावर ठरते.

आधी गंजाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण इथला युक्तिवाद पत्र्याच्या स्थितीवर उभा आहे. टाकी अर्धवट भरलेली असते तेव्हा पेट्रोलच्या वर हवा असते. मराठवाड्यात हिवाळ्यात दिवस तापतो आणि रात्र गारठते. दिवसा हवा फुगून बाहेर जाते, रात्री आकसून बाहेरची ओलसर हवा आत ओढली जाते, आणि गार पत्र्यावर तिचे पाणी सुटते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते, आणि टाकीचे दोन भाग जिथे जोडलेले असतात त्या शिवणीत मुरते. चालत्या गाडीची टाकी वरचेवर भरली जाते, म्हणून तिला हा त्रास कमी. उभ्या गाडीची टाकी मात्र महिनोन्महिने अशी घामेजत राहते. जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर कथील आणि शिशाचा पातळ थर दिलेला असे. तो थर एकदा ओरखडला की लोखंड उघडे पडते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात जायकवाडीच्या कालव्याच्या पाण्यावर जो ऊस उभा राहतो, तसल्याच उसापासून देशातले बरेच इथेनॉल बनते. इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की त्याला घेऊन तळाशी वेगळे होते. टाकी उतरवून पालथी केली तर आधी शिळ्या पेट्रोलचा आंबूस, वार्निशसारखा वास येतो, मग तपकिरी पाणी, मग चहाच्या चोथ्यासारखा गंजाचा गाळ पडतो. टाकी स्वच्छ धुऊन, वाळवून, अंधारात आत बॅटरी सोडली की शिवणीजवळ सुईच्या अग्राएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांभोवती खिळ्याचे टोक दाबले आणि पत्रा आत गेला, तर तिथे पत्रा उरलेलाच नसतो. नुसता रंग आणि गंज एकमेकांना धरून असतात.

दुरुस्तीच्या रीतीही ठरलेल्या आहेत. आत नटबोल्ट किंवा साखळी घालून टाकी घुसळायची, म्हणजे सुटा गंज पडतो. धरलेला गंज फॉस्फोरिक आम्लाने किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून काढायचा. साफ झालेला पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो, म्हणून तो लगेच वाळवून आतून लेप द्यायचा. बारीक भोकाला कथलाचा डाग, मोठ्याला पितळी डाग. आणि आग जवळ नेण्याआधी टाकी गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. आत राहिलेली वाफ आणि हवा मिळून स्फोट होतो. या साऱ्या खटाटोपाला एक हद्द आहे. पत्रा जाड असेल आणि गंज वरवरचा असेल, तर दुरुस्ती टिकते. पत्राच गेला असेल, तर लेप म्हणजे गंजावर दिलेला रंग. तो सुटतो आणि त्याच्या खपल्या कार्ब्युरेटरपर्यंत जातात. ज्या जुन्या महिंद्रा जीपगाड्या खेड्यापाड्यांतून धावल्या, त्यांपैकी पेट्रोलवर चालणाऱ्या मूळ बनावटीच्या गाड्यांत टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असे. त्या टाकीतून झिरपलेले पेट्रोल चालवणाऱ्या माणसाच्या अंगाखाली जमते. म्हणजे मूळ टाकी ठेवण्याचा हट्ट हा एखाद्या प्रसंगी दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो, आणि इथूनच प्रश्न आवडीनिवडीच्या पलीकडे जातो.

तरीही तात्त्विक अडचण शिल्लक राहतेच. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट नोंदवली आहे: अथेन्सच्या लोकांनी ते जपण्यासाठी कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या, आणि तत्त्वज्ञांत वाद सुरू झाला की जहाज तेच की दुसरे. आपल्याकडे हा वाद त्याहून बारकाईने झालेला आहे. वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते; पण वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होते आणि नवे उत्पन्न होते. हे मत काटेकोर आहे, पण ते पुरते पाळायचे तर गाडीचा एक स्क्रू बदलला तरी ती दुसरी गाडी ठरते, आणि मग मूळ टाकी जपण्याचा आग्रहही निरर्थक होतो, कारण मूळ गाडी पहिल्या पंक्चरलाच संपलेली असते. बौद्धांच्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात भिक्खू नागसेन दुसऱ्या टोकाने जातो. रथातून आलेल्या मिलिंद राजाला तो विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, आणि शेवटी दाखवतो की ‘रथ’ हे या साऱ्यांच्या मेळाला दिलेले व्यवहारातले नाव आहे. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही, हे त्याचे उत्तर सातत्य समजावते. पण सातत्य कोणत्या बदलाने टिकते आणि कोणत्या बदलाने तुटते, हे त्यातून कळत नाही. मालकाला नेमके तेच हवे असते.

या ठिकाणी जैन तत्त्वज्ञान अधिक उपयोगी पडते. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने सत् वस्तूची तीन लक्षणे एकत्र सांगितली आहेत: उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य. प्रत्येक वस्तूत दर क्षणी काही उपजते, काही नष्ट होते आणि काही टिकते. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त त्यासाठी सोन्याचा दाखला दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला, तर घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद होतो आणि ज्याला फक्त सोने हवे आहे तो तटस्थ राहतो. तिघेही आपापल्या जागी खरे आहेत. हा दाखला जालन्याच्या भट्टीला जसाच्या तसा लागू पडतो. जुनी टाकी वितळून सळई झाली की गाडीच्या मालकाला हुरहूर वाटते, घर बांधणाऱ्याचे काम होते आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या लेखी टनाचा टन कायम राहतो. तेव्हा ‘तीच आहे का?’ असा मोकाट प्रश्न विचारून उत्तर मिळणार नाही. कोणत्या दृष्टीने तीच, हे आधी सांगावे लागते. पण दृष्टी अनेक आहेत म्हणून त्या सगळ्या सारख्याच तोलाच्या आहेत असे नव्हे. ज्याच्या हाती वस्तू आहे त्याने कोणती दृष्टी धरावी, हे त्या वस्तूवर आणि ती वापरणाऱ्यांवर त्याचे जे कर्तव्य आहे त्यावरून ठरते.

आपल्या धर्मपरंपरेने हे कर्तव्य जीर्णोद्धाराच्या रूपाने मांडले आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा वेगळा विधी आहे. मूर्ती जीर्ण झाली तर लाकडाची असल्यास अग्नीला द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी, धातूची वा रत्नाची खोल पाण्यात विसर्जित करावी, आणि तिच्या जागी त्याच द्रव्याची, त्याच मापाची मूर्ती स्थापावी. विहिरी-तळ्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यालाही मोठे पुण्य सांगितले आहे. जगन्नाथपुरीला तर दारुमूर्ती ठरावीक काळाने नव्या घडवतात. १९९६ आणि २०१५ साली असा नवकलेवर विधी झाला, आणि भक्तांच्या मनात जगन्नाथ बदलला नाही. या विधींत तीन गोष्टी दिसतात. जीर्ण झालेले निमूटपणे टाकायचे नाही, मानाने निरोप द्यायचा. नवे मनाला येईल तसे करायचे नाही, जुन्याचे द्रव्य आणि माप पाळायचे. आणि हे गुपचूप करायचे नाही, विधिपूर्वक करायचे. या तीन अटी टाकीला लावल्या तर उत्तर बरेच स्पष्ट होते. पत्रा धड असेल तोवर दुरुस्ती हेच कर्तव्य, कारण जे अजून आपले काम करू शकते ते टाकणे म्हणजे त्याचा अनादर. पत्रा गेला असेल तर बदल हे कर्तव्य, कारण टाकीचे काम पेट्रोल धरून ठेवणे आहे. ज्या टाकीतून ते सांडते, ती जागेवर असूनही संपलेली असते. आणि बदलताना त्याच मापाची, त्याच जाडीच्या पत्र्याची टाकी घ्यायची, गाडीचा पत्रा कापून भलतीच बसवायची नाही.

इथे पहिला आक्षेप जांब समर्थहून येतो, आणि तो वजनदार आहे. काम एवढेच पाहायचे तर मूर्तीचे काम पूजा घेणे आहे. मग चोरीनंतर पंचधातूच्या नव्या मूर्ती ओतून बसवल्या असत्या तर काय बिघडले असते? त्याचे उत्तर असे की प्रत्येक वस्तूचे काम एकाच जातीचे नसते. काही वस्तू वापरासाठी असतात, काही साक्ष देण्यासाठी. जांबच्या मूर्तींचे काम नुसते पूजेला समोर असणे नाही. समर्थांच्या घराण्यापासून आजवर ज्यांनी ज्यांनी त्यांच्यापुढे हात जोडले, त्या परंपरेला त्या साक्षी आहेत, आणि साक्षीदाराची जागा हुबेहूब दिसणारा दुसरा माणूस घेऊ शकत नाही. म्हणूनच त्यांचा शोध घेणे योग्य होते. गाडीतही असे साक्षीचे भाग असतात. चासीवर कोरलेला क्रमांक, मूळ इंजिन, आजोबांच्या हाताने गुळगुळीत झालेले स्टेअरिंग, डॅशबोर्डवरची नावाची पट्टी, हे भाग तुटले तरी शक्य तितके दुरुस्त करून ठेवावेत, कारण ते गेले की त्यांचे म्हणणे सांगणारे दुसरे काही उरत नाही. टाकी तशी नाही. ती कुणाच्या हाताला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. तिच्या आत साठलेला गंज हा इतिहास नाही, इतिहासाकडे झालेले दुर्लक्ष आहे. साक्षीच्या भागासाठी झुंजावे आणि वापराच्या भागाला वेळ आली की सोडावे, हा भेद धरला तर पंचधातूच्या मूर्तींविषयीची माया आणि भट्टीचा व्यवहार एकाच मनात सुखाने राहू शकतात.

दुसरा आक्षेप घसरणीचा आहे. टाकी सोडली की पुढचा भाग सोडायला कारण मिळते, आणि शेवटी काहीच मूळ उरत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने सतराव्या शतकात हा पेच आणखी घट्ट केला: काढलेल्या साऱ्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? मला वाटते, या पेचात दोन प्रश्न एकत्र गुंतले आहेत. जुन्या फळ्यांचे जहाज साक्ष देते, नव्या फळ्यांचे जहाज काम चालू ठेवते. एकाच गोष्टीवर दोघांचा दावा नाही, म्हणून एकाला खोटे ठरवण्याची गरज नाही. आणि घसरणीला व्यवहारात बांध घालता येतो. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज ठरते, आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. ओळख वाहणाऱ्या भागांची नावे कायद्याने घेतली. झिजणाऱ्या प्रत्येक भागाचा हट्ट धरला नाही. या सीमेबद्दल मतभेद असू शकतो, पण सीमा आखता येते एवढे त्यातून सिद्ध होते. घसरण तेव्हा होते जेव्हा कशाचीच सीमा आखलेली नसते.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. जुन्या गाडीपायी इतका जीव टाकणे हा मोहच नाही का? अपरिग्रह, म्हणजे साठा न करणे, हे व्रत मानणाऱ्याने टाकी बदलण्याची चर्चा तरी का करावी; गाडीच भट्टीला द्यावी. यात तथ्य आहे. जी गाडी केवळ प्रतिष्ठेसाठी दडवून ठेवली आहे, जिची काळजीही घेतली जात नाही, तिचे लोखंड कुणाच्या छताला लागले तर ते अधिक पुण्याचे. पण अपरिग्रहाचा अर्थ वस्तूंविषयी बेफिकिरी असा होत नाही. ज्याला दर काही वर्षांनी नवे हवे असते त्याचाही परिग्रह वाढतच जातो. त्याचा मोह जुन्यावर नसून नव्यावर असतो, इतकाच फरक. एक टाकी धुऊन, डाग देऊन पुन्हा वीस वर्षे चालवणाऱ्याने नव्या पत्र्याची, कोळशाची आणि विजेची बचत केलेली असते. जालन्याजवळच्या घाणेवाडी जलाशयातला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला, तेव्हा त्यामागे जुन्याचा मोह नव्हता. पूर्वजांनी जे करून ठेवले ते कामाचे ठेवावे, ही जाण होती. आसक्ती आणि निगा यांत फरक करण्याची एक साधी कसोटी आहे. वस्तू दुसऱ्याला घातक ठरत असतानाही जो ती सोडत नाही, तो आसक्त. ती कामाची असेपर्यंत जो राबतो आणि वेळ आली की मोकळ्या हाताने सोडतो, तो निगा राखणारा.

राहिला प्रश्न खरेपणाचा, आणि माझ्या मते सारा वाद शेवटी इथे येतो. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात फसवणूक बदलण्यात नसते, लपवण्यात असते. गंजलेल्या टाकीला बाहेरून काळा रंग मारून ‘ओरिजिनल आहे’ म्हणून विकणे हे पाप आहे, टाकी खरोखर मूळची असली तरीही. आणि नवी टाकी बसवून तसे स्पष्ट सांगणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. आतून लेप दिलेली टाकी तर दोन्हींच्या मधली: बाहेरचा पत्रा जुना, आतले काम नवे. तीत काही वावगे नाही, पण घेणाऱ्याला ते कळलेच पाहिजे, कारण उद्या लेप सुटला तर रस्त्यात अडकणार तो आहे. म्हणून प्रत्येक जुन्या गाडीसोबत एक वही असावी. कोणता भाग केव्हा, का आणि कशाने बदलला. जुना भाग ठेवला की भंगारात दिला. डाग कुठे आहे, लेप कोणता आहे, हे तीत लिहिलेले असावे. हीच वही सातत्याचा पुरावा असते. नागसेनाचा व्यवहारातला रथ, समंतभद्रांचे टिकणारे द्रव्य आणि पुराणातला विधी ही तिन्ही या नोंदीत एकत्र येतात: काय गेले, काय आले आणि काय टिकले.

म्हणून गंजलेल्या टाकीपुढे अडलेल्या माणसाने स्वतःला क्रमाने तीन गोष्टी विचाराव्यात. पत्रा अजून काम करू शकतो का? करू शकत असेल तर कष्ट घेऊन दुरुस्त करावा, नव्याच्या सोयीला भुलू नये. हा भाग साक्षीचा आहे की वापराचा? साक्षीचा असेल तर तो कामातून गेला तरी जपून ठेवावा. वापराचा असेल आणि त्याने जिवाला धोका असेल, तर तो आजच काढावा. जे केले ते मी उद्या दुसऱ्याला डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकेन का? सांगू शकत असेल तर त्याची गाडी तीच आहे, तिच्यात मूळ लोखंड कितीही कमी उरलेले असो. नाशवंत जगात वस्तूशी एकनिष्ठ राहण्याची याहून खरी रीत मला दिसत नाही, आणि जी रीत गाडीला लागू आहे तीच देवळांना, तळ्यांना आणि आपल्या हाती आलेल्या प्रत्येक वारशाला लागू आहे.